उभी म्हणून लिहिलेली झाडं

ता. २४ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते. नसाल तर कळवा, म्हणजे तिथे येऊन दोन शब्द सुनावता येतील. दुकानातल्या फोनवर बोलायला गेलं की अख्ख्या गावाला नेमकी तेव्हाच साखर हवी असते, म्हणून पत्रच लिहिते आहे.

आधी माझं भांडण. गारपिटीचे पंचनामे करायला तीन दिवस गावात होतात. दारावरून चार वेळा गेलात, पण घरात पाय टाकला नाहीत. शाळेच्या खोलीत सतरंजी टाकून झोपलात आणि शिपायाने आणलेला डबा खाल्लात. शेवटच्या दिवशी आपली खालची संत्र्याची बाग मोजायला आलात, तेव्हाही बांधावर उभ्याउभ्या पाणी प्यायलात ते स्वतःच्या बाटलीतलं. मी ताट वाढून ठेवलं होतं. तुमचे दादा म्हणाले, अगं तो आज साहेब म्हणून आलाय, भाऊ म्हणून नाही. मी विचारलं, साहेबांना पोट नसतं का? मी या घरात आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात. सासूबाईंनी बजावलं होतं, दीर आहे, अहो-जाहो करायचं. तेव्हापासून तुमचं नाक पुसतानाही मी 'अहो भाऊजी, इकडे बघा' म्हणत आले. एवढं केल्यावर एका ताटाचा तरी हक्क माझा होता की नाही?

असो. आता कामाचं. परवा कचेरीबाहेरच्या फळ्यावर मदतीची यादी लागली. वरच्या आळीपासून खालच्या ओढ्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या बागा आहेत त्या सगळ्यांची नावं आहेत. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याचं आहे, सुतारकाकांचं आहे, ज्यांनी दहा वर्षांत बागेला कुदळ लावली नाही त्यांचंही आहे. आपलं नाही. मी दोनदा वाचली, मग पोरीला वाचायला लावली. तुमच्या दादांनी एकदाच वाचली, म्हणाले नियमात बसलं नसेल, आणि घरी येऊन विळ्याला धार लावत बसले.

गावात तुमचं कौतुक चाललंय. साहेबांनी सख्ख्या भावालाही सोडलं नाही, असा अधिकारी पुन्हा होणे नाही, असं म्हणतात. आमच्या तोंडावर म्हणतात. त्यावर हसावं की रडावं ते मला कळत नाही. दादा मात्र हसतात, आणि मनापासून हसतात. भावाचं नाव झालं याचा त्यांना खरंच आनंद झालाय हो.

पण आनंदाने रोपं मिळत नाहीत. खालच्या बागेची काय दशा झाली आहे ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. मदत आली असती तर गेलेली झाडं उपटून नवी लावली असती आणि ती धरेपर्यंत घरही चाललं असतं. नाही आली तर खालची बाग विकावी लागेल. पोल्ट्रीवाला टपूनच बसलाय, त्याला तिथे शेड टाकायची आहे. यादीखाली लिहिलं आहे की कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत अर्ज करावा, म्हणजे एकवीस एप्रिलपर्यंत. मी म्हणते करू या. हे म्हणतात, भावाच्या सहीवर मी हरकत घेऊ? आता तुम्हीच सांगा काय करायचं ते. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत.

पोरगी काकाला नमस्कार सांगते. माया आहे तशीच राहू द्या, आणि पुढच्या वेळी जेवून जा.

तुमची
वहिनी


ता. ३० मार्च

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जेवणाबद्दल तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. पण पंचनाम्याच्या काळात कोणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि आपलं घर त्याला अपवाद केलं असतं तर लोकांनी लगेच बोट दाखवलं असतं. तुम्ही समजून घ्याल.

यादीबद्दल. नियम असा आहे की दर दहावं झाड तपासायचं. तपासलेल्यांपैकी एक तृतीयांश झाडं गेलेली असली तर मदत मिळते, त्याखाली काही मिळत नाही. आपल्या बागेत चाळीस झाडं तपासली. त्यांत गेलेली बारा निघाली. चौदा लागतात. दोनाने हुकलं. मलाही वाईट वाटलं, पण कागदावर जे येतं ते येतं.

काही झाडांची साल एका बाजूने फाटलेली आहे. ती मी उभी म्हणून लिहिली आहेत. त्यांना वेळेवर उपचार केले तर ती सावरू शकतात. दादांना सांगा, फाटलेल्या सालीवर मोरचूद आणि चुना कालवून लेप द्यावा, खोडांना गोणपाट गुंडाळावं आणि पाण्याची ओढ बसू देऊ नये. शास्त्र तसंच सांगतं.

हरकतीचं दादांच्या मर्जीवर सोडतो. मी त्या खात्यातला माणूस, मी करा किंवा करू नका असं काहीच म्हणणं बरं नाही.

इकडे काम फार आहे. अजून सात गावं बाकी आहेत. मोठ्या साहेबांनी परवाच्या बैठकीत सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं, की पंचनामा कसा करावा तर असा. बढतीच्या यादीत माझं नाव वर गेल्याचं कानावर आलं आहे. आनंदाची बातमी म्हणून कळवतो आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला कुठलीच बातमी खरी वाटत नाही.

पोरीला आशीर्वाद. दादांना नमस्कार. मनात किंतु ठेवू नये ही विनंती.

तुमचा
भाऊजी


ता. ८ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझी बढती होणार हे वहिनीने वाचून दाखवलं. मी लगेच सुतारकाकांना जाऊन सांगितलं, म्हणजे आता सगळ्यांना कळलंच. त्यांनी विचारलं, आता मोजणीसाहेबाचा पगार किती होणार. मी म्हटलं, ते मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. मोरचूद-चुन्याचा लेप दिला. गोणपाट कमी पडलं, तेव्हा वहिनीच्या जुन्या सतरंज्या फाडल्या. त्यावरून जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ठिबकच्या नळ्या गारांनी चाळण झाल्या आहेत, त्यामुळे खालच्या बागेला पाणी बादलीनेच घालतो आहे. पहाटे एक फेरी, उन्हं उतरल्यावर एक. तशी साल फाटलेली नव्वदेक झाडं आहेत. खांदे भरून येतात, पण माझ्या खांद्यांना दुसरं काम तरी काय आहे?

पोल्ट्रीवाल्याने त्याची साल फाटलेली झाडं मदतीचा हप्ता येताच उपटली, आणि नवी रोपं लावलीसुद्धा. परवा बांधावर उभा राहून मला हसत होता, की मेलेल्याला पाणी पाजतोय. मी त्याला सांगितलं, माझा भाऊ यातलं शिकलाय. त्याने प्रत्येक झाडाला हात लावून बघितलं, आणि ती उभी म्हणून लिहून गेलाय. तो उगाच लिहिणार नाही.

खरं सांगू का, गारा पडल्या त्या दिवशी मीही त्या झाडांची आशा सोडली होती. तू उभी म्हणून लिहिलंस असं कळलं तेव्हा मला मदतीपेक्षा त्याचंच जास्त बरं वाटलं. वडिलांनी आणि मी ती बाग लावली तेव्हा तू खड्ड्यात उतरून बसायचास आणि वर यायला तयार नसायचास. आठवतं का? नसेलच, चार वर्षांचा होतास.

वहिनी हरकतीचं काहीबाही लिहील. तिचं मनावर घेऊ नकोस. भावाने मोजलेलं खोटं आहे असा अर्ज मी कुठल्या तोंडाने करू? गावाला काय, दुसऱ्याच्या घरातलं भांडण हवंच असतं. तसं काही मी होऊ देणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. तब्येतीला जप आणि अधूनमधून दोन ओळी टाकत जा, तेवढ्यानेही मला पुरतं.

तुझा
दादा


ता. १४ एप्रिल

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

दादांचं पत्र आलं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुम्हाला एक सांगायचं आहे. दादांना सांगायची माझी छाती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

पंचनाम्याच्या कागदावर दोनच रकाने असतात, 'गेलेली' आणि 'उभी'. ज्या झाडाची साल एका बाजूने फाटली आहे, ते यातल्या कशात लिहायचं ते मोजणाऱ्याने ठरवायचं असतं. गावातल्या प्रत्येक बागेत मी अशी झाडं 'गेलेली' म्हणून लिहिली. पोल्ट्रीवाल्याची लिहिली, सुतारकाकांची लिहिली, सगळ्यांची लिहिली. कारण ती जातात. इतक्या फाटलेल्या सालीचं झाड उन्हाळा काढत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. आपल्या बागेत तपासलेल्या चाळीसांत अशी नऊ निघाली. ती मी 'उभी' म्हणून लिहिली. बारा आणि नऊ एकवीस होतात, वहिनी. चौदाच लागत होती.

नियम तर असा आहे की नातेवाइकाची जमीन मोजायला दुसरा माणूस मागवायचा. खात्यातला माझा जोडीदार दोन दिवसांत आला असता. पण बांधावर सगळं गाव गोळा झालं होतं. कोणीतरी म्हणालं, आता घरचं माप कसं पडतं ते बघू. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी म्हणालो, घ्या, तुमच्यासमोरच मोजतो. मग प्रत्येक फाटलेल्या झाडापाशी थांबलो की मागून कोणीतरी खाकरायचं, आणि मी 'उभं' म्हणून मोठ्याने सांगायचो. पहिल्या झाडाला मी स्वतःशी म्हटलं, एवढं एक. पुढे तेही म्हणावं लागलं नाही. लोकांना पटत होतं, आणि मला ते आवडत होतं. दादा माझ्या मागे टेप धरून चालत होते. त्यांनी एकदाही काही विचारलं नाही.

लेपाचं आणि पाण्याचं मी जे लिहिलं ते केवळ लिहायला काहीतरी हवं म्हणून लिहिलं. दादा बादल्या वाहतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. खरं तर यायला हवं होतं, दादा काय आहेत ते मला ठाऊक आहे.

आता एकवीस तारखेला सात दिवस आहेत. हरकत अर्ज गेला की दुसरा अधिकारी येऊन नव्याने मोजेल आणि मदत नक्की मिळेल. तेवढी त्यांची सही घ्या. कसंही करून घ्या, पण हे त्यांना सांगू नका. त्यांच्या नजरेतून मी उतरलो तर मला कुठेच उभं राहता येणार नाही.

मला जमत नाही ते तुम्ही नेहमी करत आलात, म्हणून तुमच्याकडे मागतो आहे. राग आला तरी तोडू नका.

तुमचा
भाऊजी


ता. २५ एप्रिल

भाऊजींस आशीर्वाद.

पत्र सतरा तारखेला पोचलं. एकवीस तारीख गेली. अर्ज दिलेला नाही.

आधी राग लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. चोराने चोरी करावी तर बाहेर करावी. तुम्ही घरात केलीत, आणि तीही स्वतःसाठी काही न नेता, नुसत्या वाहवेसाठी. लोक भावाला दोन झाडं जास्त देतात म्हणून बदनाम होतात. तुम्ही नऊ झाडं काढून घेतलीत आणि नाव कमावलंत. हे असलं आमच्याच घरात होऊ शकतं. दुसरीकडे असा भाऊही मिळायचा नाही आणि असा दादाही नाही.

आता काय झालं ते ऐका. अठरा तारखेला मी अर्ज लिहून त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, नाही. एकोणीसला पुन्हा ठेवला. मी पोरीच्या शिक्षणाचं काढलं, घरखर्चाचं काढलं, रडले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे सहीसाठी रडले नव्हते. ते म्हणाले, तू मागशील ते करीन, पण धाकट्याला खोटं पाडणाऱ्या कागदावर सही मागू नकोस. आणि बादल्या घेऊन गेले.

वीस तारखेला मी ठरवलं, आता सांगायचंच. तुमचं पत्र कनवटीला लावलं आणि खालच्या बागेत गेले. ते एका झाडापुढे उकिडवे बसले होते. पाणी घालून झालं होतं, तरी उठले नव्हते. मला बघून म्हणाले, ये, हे बघ, इथे हिरवं दिसतंय का गं तुला, की माझ्याच डोळ्यांना दिसतंय? कुठेच काही हिरवं नव्हतं, भाऊजी. मी म्हटलं, दिसतंय थोडं. आणि परत आले. पत्र कनवटीलाच राहिलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कोणाला चावू? झाडं जायचीच होती, ती जातील. बाग जायची तर जाईल. पण त्या माणसाचा भाऊ मी माझ्या तोंडाने मारू शकले नाही. चूक झाली असेल माझी. पोरीच्या बाजूने विचार केला तर चूकच झाली. रात्री तेच डोक्यात येतं.

एक विचारते. तुम्ही मला लिहिलंत, सही घ्या. तुमच्या मोठ्या साहेबांना तुम्हीच दोन ओळी का लिहिल्या नाहीत, की माझ्या हातून मापात चूक झाली? त्याला दादांची सही लागत नव्हती, माझं रडणंही लागत नव्हतं. तुमची बढती त्याच्या आड आली असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी समजून घेईन असं नाही, पण कळेल तरी.

एक आशा अजून आहे. मे महिन्यात फेरतपासणीचं पथक येणार आहे असं कचेरीत म्हणत होते. चिठ्ठ्या टाकून काही बागा पुन्हा मोजणार आहेत, आणि त्यांत आपल्या बागेची चिठ्ठी निघाली आहे. पथक आलं की ते आपल्या डोळ्यांनी बघतीलच. मग कोणाला काही सांगायलाही नको. मी आता त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले आहे.

आशीर्वाद वर लिहिला आहे, तो रागात असले तरी खराच आहे.

तुमची
वहिनी


ता. १९ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

बढतीची ऑर्डर निघाली हे कचेरीतल्या माणसाकडून कळलं. फार आनंद झाला. वडील असते तर त्यांनी दाखवलं नसतं, पण गावभर दोन चकरा नक्की मारल्या असत्या. त्यांच्या वाटच्या चकरा मी मारल्या.

आता दुसरं, ते लिहायला जड जातंय. खालची बाग मी विकली. पोल्ट्रीवाल्याने घेतली. भाव बरा दिला, त्याबद्दल तक्रार नाही. तुला आधी विचारायला हवं होतं, वडिलांच्या हातची बाग होती. पण दिवस उरले नव्हते.

झालं असं की ती झाडं वाचली नाहीत. एकही नाही. तू सांगितलंस त्यातलं मी काही कमी केलं नाही असं मला वाटतं. पण कुठेतरी कमी पडलंच असणार. लेपात चुना जास्त झाला असेल किंवा बादलीचं पाणी मुळापर्यंत पोचलं नसेल. मधे चार दिवस कंबर धरली होती, तेव्हा पोरीने पाणी घातलं, तिला बादली अर्धीच उचलते. तू उभी झाडं माझ्या हवाली करून गेलास आणि मला ती राखता आली नाहीत. ह्याची मला फार खंत वाटते. एवढ्या वर्षांचा बागवान मी, आणि तुला हे लिहावं लागतंय. मला माफ कर.

तुझ्या मापाला मात्र मी धक्का लागू दिला नाही. या वीस तारखेला पथक येणार आणि आपली बाग मोजणार असं कळलं. मी विचार केला, ती माणसं येतील ती वाळलेली झाडं मोजतील. मार्चमध्ये ती उभी होती हे त्यांना कसं कळणार? ते म्हणतील, मोजणीसाहेबाने खोटं लिहिलं. तुझी ऑर्डर नुकती निघालेली. म्हणून मी पोल्ट्रीवाल्याशी घाईने व्यवहार केला आणि अट घातली की झाडं आठवड्याच्या आत उपटायची. काल शेवटची निघाली. आता तिथे सपाट जमीन आहे. मोजायला काही उरलेलं नाही, त्यामुळे तू निश्चिंत राहा.

वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. बागेचं मनाला लागलं असेल तिच्या. पथक येईपर्यंत थांबा, थांबा म्हणत होती. तिला खात्यातल्या गोष्टी कळत नाहीत. तू आलास की तिची समजूत काढ, तुझं ती ऐकते.

वरच्या बागेवर घर पुरं पडणार नाही, म्हणून एक तारखेपासून संत्री भरायच्या शेडमध्ये कामाला जाणार आहे. फळं निवडून पेट्या भरायच्या. दुसऱ्यांची का होईना, संत्रीच हाताळायची आहेत, म्हणजे हात ओळखीच्या कामातच राहतील. सुतारकाका म्हणाले, मालकाचा नोकर झालास. मी म्हटलं, भाऊ साहेब झाला ना, घरात एक वर गेला की एकाने खाली यायचं, वजन सारखं राहतं. ते हसले.

सवड काढून ये. या वेळी साहेब म्हणून येऊ नकोस. आपुलकी आहे तशीच ठेव, माझ्या हातून राहिलं ते पोटात घाल.

तुझा
दादा


ता. २३ मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. मी पोचायच्या आधी हे पत्र पोचणार नाही, पण ते लिहून बरोबर आणतो आहे. तुमच्यासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, हे मला माहीत आहे. मी हे तुमच्या हातात देईन आणि तुम्ही वाचेपर्यंत तिथेच उभा राहीन.

आज मोठ्या साहेबांच्या टेबलावर लेखी ठेवून आलो, की आपल्या बागेचं माप मी जाणून खोटं लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, यादी बंद झाली, जागेवर झाडं नाहीत, आता मदत मिळायची नाही, तुझी नोकरी तेवढी जाईल. मी म्हटलं, असू दे. वहिनींनी हेच एप्रिलमध्ये विचारलं होतं. तेव्हा बढती आड आली. हो, तीच आली. त्यांनाही हे वाचून दाखवा.

दादा, तुमच्या हातून काही राहिलं नाही. चुना जास्त झाला नव्हता आणि पोरीची बादलीही कमी पडली नव्हती. मी मोजली त्या दिवशीच ती झाडं गेलेली होती. मला ती गेलेली दिसत होती, आणि तुम्ही मागे टेप धरून उभे असताना मी ती उभी म्हणून लिहिली.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. आज ते लिहायला माझा हात धजत नाही.

तुमचा
धाकटा